आयएफकॉम्प या शब्दखेळांच्या स्पर्धेची मतपत्रिका: चार वर्षं परीक्षक म्हणून वापरून झाल्यावर

2000 साली मिरजेतल्या एका सायबर कॅफेत एका वेबसाइटने मला सांगितलं, की तुमचं आजचं मत आलेलं आहे. मी मत दिलंच नव्हतं. शेजारच्या मशीनवर बसलेल्या मैत्रिणीने दोन मिनिटांपूर्वी दिलं होतं.

आम्ही तेव्हा कॉलेजात, आणि आम्हा सहाजणांना मडचं वेड लागलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मड म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ. पडद्यावर एक चित्र नाही. 'तुम्ही एका ओलसर भुयारात उभे आहात' असं वाक्य येतं, तुम्ही 'एन' टाइप केलं की उत्तरेकडे जाता, आणि तिथे फिनलंडमधला कुणीतरी आधीच उभा असतो. पहिला मड 1978 मध्ये इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी लिहायला घेतला. पुढे कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी डिकूमड केला आणि त्याच्यावरून जगभर शेकडो मड निघाले. आमचा मड त्यांतलाच, अगदी लहान. दोघंजण पदरमोड करून तो चालवायचे. आपल्या संध्याकाळी तिथे दहा-बारा खेळाडू असायचे.

असे मड हजारभर असले तर नवीन माणूस तुमच्याकडे येणार कसा? त्यासाठी मतांवर चालणाऱ्या याद्या होत्या. दर ठरावीक तासांनी एक मत देता यायचं, महिन्याभराच्या मतांवर क्रमांक लागायचा. वरच्या दहात असलात तर रोज नवे लोक, खाली असलात तर कोणी फिरकत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, सहाजणांनी रोज मत द्यायचं. आणि पहिल्याच दिवशी कळलं, की कॅफेतली सगळी मशीन एकाच जोडणीतून बाहेर जात असल्यामुळे त्या वेबसाइटला आम्ही सगळे मिळून एकच माणूस दिसतो. तासाला तीस रुपये मोजून सहाजणांचं मिळून एक मत.

आमच्यातल्या एकाच्या घरी डायल-अप होतं. तो फोन तोडून पुन्हा लावायचा की त्याला इंटरनेटवरचा नवा पत्ता मिळायचा, म्हणजे नवं मत. एका रात्रीत त्याने पाच मतं दिली. आमचा मड त्या महिन्यात बराच वर गेला आणि आम्ही खूश झालो.

पुढे मी संख्याशास्त्र शिकले, आता वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. त्या यादीचा हिशोब मी वर्गात अजूनही सांगते, कारण मुलांना तो लगेच समजतो. एका मडचे वीस भक्त आहेत आणि ते दिवसातून दोनदा मत देतात: महिन्याला 1200 मतं. दुसऱ्या मडवर तीनशे माणसं आनंदाने खेळतात आणि महिन्यातून एकदा आठवण झाली की मत देतात: 300. यादीत पहिला मड चौपट मोठा दिसतो. त्यातून सगळ्यात वर असलेला मड मत देणाऱ्याला खेळातली नाणी द्यायचा. म्हणजे तिथलं मत हे 'खेळ चांगला आहे' असं सांगतच नव्हतं, 'मला नाणी हवीत' असं सांगत होतं. आणि 'नाही' म्हणायची सोय कुठेच नव्हती. खेळ आवडला नाही असं मत त्या यादीत अस्तित्वातच नसायचं.

हे सगळं आधी सांगायचं कारण, की आयएफकॉम्पच्या मतदानाबद्दल लिहिताना माझ्या डोक्यात तुलना कायम त्या यादीशी होते. आयएफकॉम्प ही शब्दखेळांची वार्षिक स्पर्धा, म्हणजे एकट्याने खेळायच्या, वाचत वाचत पुढे जायच्या खेळांची. 1995 साली केव्हिन विल्सन यांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी बारा खेळ होते, आणि इन्फॉर्ममध्ये लिहिलेले व टॅड्समध्ये लिहिलेले (दोन्ही असे खेळ लिहायच्या भाषा) असे दोन वेगळे गट केले होते. दुसऱ्या वर्षीपासून सगळे एकत्र. 2016 पासून इंटरॅक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशन ही ना-नफा संस्था ती चालवते. परीक्षक कोणीही होऊ शकतो, पैसे लागत नाहीत. मी 2020 मध्ये, कॉलेज बंद असताना, पहिल्यांदा खातं उघडलं. त्या वर्षी 103 खेळ होते. 2023 पर्यंत दर वर्षी मत दिलं.

नियम थोडक्यात असे. प्रत्येक खेळाला एक ते दहा गुण द्यायचे. निदान पाच खेळांना गुण दिले नाहीत तर तुमचं एकही मत धरत नाहीत. खेळ कितीही लांब असला तरी गुण पहिल्या दोन तासांवरच द्यायचे. लेखकाने स्वतःच्या खेळाला मत द्यायचं नाही. मुदत संपेपर्यंत गुण बदलता येतात, आणि मुदत दीडएक महिन्याची असते. शेवटी सरासरी काढतात आणि सरासरीप्रमाणे क्रमांक.

आता मला या व्यवस्थेत सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगते, आणि ते मतमोजणीत नाही. ते यादीच्या क्रमात आहे. खेळांची यादी उघडली की प्रत्येक परीक्षकाला आपल्या स्वतःपुरता पिसलेला क्रम मागता येतो. तो क्रम तुमच्या खात्याला चिकटतो, पुढच्या वेळी आलात तरी तोच राहतो. मला पहिला दिसणारा खेळ दुसऱ्या कुणाला बासष्टावा दिसत असेल.

हे किती मोठं काम आहे ते बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विचारा. गठ्ठा सोडला की पहिल्या आठ-दहा पेपरांना हात आखडता असतो. मग हात बसतो. दोन पेपर जवळजवळ कोरे आले की त्यानंतरचा साधारण पेपरही चांगला वाटायला लागतो. रात्री अकराला तपासलेल्या पेपराला सकाळी उघडून पाहिलं तर कधी कधी दोन गुण इकडेतिकडे होतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. आपल्याकडे त्यासाठी नियामक असतात, ते गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात. जिथे नियामक नेमणं शक्य नाही तिथे दुसरा उपाय एकच: दमलेल्या परीक्षकाच्या हाती प्रत्येक वेळी वेगळा खेळ लागेल अशी व्यवस्था करायची. चूक जात नाही, पण ती सगळ्यांवर सारखी पसरते. नावाच्या आद्याक्षराप्रमाणे यादी लावली असती तर 'झेड'ने सुरू होणाऱ्या खेळाने दर वर्षी मार खाल्ला असता. एकांकिका स्पर्धांत प्रयोगाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतात तो याच न्यायाने. पण तिथे सगळ्या परीक्षकांसाठी चिठ्ठी एकच निघते. इथे प्रत्येक परीक्षकाची वेगळी.

पाच खेळांचा नियम मला आधी जाचक वाटला होता. त्याची किंमत कळली ती भाच्यामुळे. 2022 ची दिवाळी, घरात चकल्यांचा सोऱ्या फिरतोय, आणि तो माझ्या शेजारी लॅपटॉपकडे बघत बसलेला. तेव्हा नववीत होता आणि ट्वाइन या खेळ बनवायच्या साधनात स्वतःचा एक छोटा खेळ करत होता.

"मावशी, मी माझा खेळ इथे टाकला आणि वर्गातल्या सगळ्यांना दहा-दहा द्यायला सांगितले तर?"

"सांग की. पण त्यांना अजून चार-चार खेळ खेळावे लागतील."

"चार? मग कोण येतंय!"

थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आणि आले, आणि दुसऱ्याचाच खेळ त्यांना जास्त आवडला तर?"

त्याने जे विचारलं त्याच्यासाठीच तो नियम आहे. ओळखीपाळखीने आणलेला मतदार पाच खेळ खेळता खेळता थोडाफार परीक्षक होतो. अप्रामाणिक माणूस अजूनही स्वतःच्या माणसाला दहा आणि बाकी चौघांना एक देऊ शकतो, ते या नियमाने थांबत नाही. पण फोन तोडून जोडण्याइतकं ते सोपं राहत नाही. त्याच्या वेळेची किंमत मोजावी लागते. मला खात्री आहे, की आमच्या त्या मडच्या यादीने प्रत्येक मतदाराला फक्त दुसऱ्या दोन मडांवर अर्धा अर्धा तास घालवायला लावला असता, तर तिचं चित्र पार बदललं असतं.

तक्रार आहे ती सरासरीबद्दल. सगळ्या खेळांना सारखी मतं पडत नाहीत. ब्राउझरमध्ये एका टिचकीने उघडणारा, अर्ध्या तासात संपणारा खेळ जास्त लोक खेळतात. फाइल उतरवून, इंटरप्रिटर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकून चालवायचा खेळ कमी लोक खेळतात. मीही कंटाळलेल्या संध्याकाळी पहिल्या प्रकाराकडेच वळले आहे. निकालाच्या पानावर प्रत्येक खेळाला किती गुण किती जणांनी दिले याचा स्तंभालेख देतात, तो पाहिला की मतसंख्येतला हा फरक लख्ख दिसतो. क्रमांक लावताना मात्र त्या फरकाला काही वजन नाही.

आता हिशोब करा. एका खेळाला चाळीस मतं, सगळी सात. त्यातल्या एकाने सातऐवजी रागाने एक दिला, तर सरासरी 6.85. दुसऱ्या खेळाला एकशेवीस मतं, सगळी सात, आणि तिथेही एकाने एक दिला, तर सरासरी 6.95. राग तेवढाच, पण कमी खेळल्या गेलेल्या खेळाला तिप्पट लागला. 2021 ते 2023 या वर्षांत सत्तरच्या आसपास खेळ आणि बहुतेकांच्या सरासऱ्या चार ते आठच्या मध्ये दाटलेल्या, म्हणजे शेजारच्या दोन क्रमांकांत अंतर काही शतांशांचं. तिथे 0.1 म्हणजे दोन-तीन पायऱ्या. मधल्या क्रमांकांकडे मी त्यामुळे फार गंभीरपणे बघत नाही, आणि नव्या लेखकांनीही तिसावे आलो की पस्तिसावे याने रात्रीची झोप घालवू नये असं मला मनापासून वाटतं. पण लेखकाला ते सांगून पटत नाही, आणि का पटावं? क्रमांकाला इथे खरोखर अर्थ आहे. लोकांनी दान दिलेल्या बक्षिसांच्या ढिगातून पहिल्या क्रमांकाचा लेखक आधी उचलतो, मग दुसरा, असं खाली खाली जातं. रोख रकमेचा निधी वरच्या दोन-तृतीयांश खेळांत वाटला जातो. त्या दोन-तृतीयांशाच्या रेघेवर बसलेल्या दोन खेळांमध्ये एका रागीट मताचाच फरक असू शकतो.

उपाय कठीण नाही. मतं कमी असतील तर सरासरी थोडी सगळ्यांच्या मध्याकडे ओढायची. बारावीच्या मुलालाही हे दहा मिनिटांत शिकवता येतं. अडचण वेगळी आहे: असं केलं की लेखकाला आपला क्रमांक स्वतः ताडून बघता येत नाही. साधी सरासरी कोणालाही कागदावर काढता येते. माझ्या मते इथे स्पष्टपणाची बाजू घेऊन आयोजकांनी चूक केलेली नाही, पण निदान क्रमांकाशेजारी मतसंख्या ठळक छापावी.

या स्पर्धेतली एक गोष्ट मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिचं नाव गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड, म्हणजे मतभेदाचं सोनेरी केळं. ज्या खेळाच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण किती विखुरले आहेत त्याचं माप, सगळ्यात जास्त, त्याला हा मान. एका खेळाला सगळ्यांनी सहा दिले आणि दुसऱ्याला अर्ध्यांनी दहा, अर्ध्यांनी दोन, तर दोघांची सरासरी सहाच. क्रमांकाच्या यादीत ते शेजारी शेजारी बसतात. पण पहिला खेळ कुणालाच खटकला नाही आणि कुणाला भिडलाही नाही, दुसऱ्याने मात्र घरात भांडण लावलं. सरासरी हा फरक पुसून टाकते. केळं तो परत वर काढतं. दर वर्षी निकाल लागला की मी पहिला नंबर बघायच्या आधी केळं कुणाला गेलं ते बघते, आणि तो खेळ आवर्जून खेळते. प्रमाण विचलन कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या मुलांना मी आता हेच उदाहरण देते.

2022 साली आणखी एक गोष्ट मनात घोळत होती. त्याच सप्टेंबरात पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही, असा त्यांचा निर्णय होता. त्यावर किती वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल. माझं मत तेव्हा त्या मुलांच्या बाजूने होतं, आजही आहे. महिनोन् महिने तालमी केलेल्या पोरांना असं रिकाम्या हाताने परत पाठवू नये. पण आयएफकॉम्पची मतपत्रिका भरताना माझ्या लक्षात आलं, की सरासरीच्या पद्धतीला 'या वर्षी कोणी नाही' असं म्हणताच येत नाही. कोणीतरी पहिला येतोच, अगदी सगळे पाच गुणांचे असले तरी. परीक्षक मंडळ दर्जाबद्दल बोलू शकतं. मतपेटी फक्त उतरंड लावते. एकाकडून दुसऱ्याचं काम मागितलं की माणसं दुखावतात.

क्रमांकच नकोत असंही कुणी म्हणेल, तर त्याची सोय आहे. वसंतात स्प्रिंग थिंग नावाचा महोत्सव असतो. 2002 मध्ये तो स्पर्धा म्हणून सुरू झाला, पण पुढे त्यांनी क्रमांक सोडले. आता खेळणारे आपल्याला आवडलेल्या गोष्टीसाठी मानाची फीत सुचवतात. वातावरण फार मोकळं असतं. तरी मी दोन्हींपैकी आयएफकॉम्पच निवडेन. गुण द्यायचे म्हटल्यावर मी जास्त लक्ष देऊन वाचते, स्वतःला विचारते की याला सहा का, सात का नाही. फीत देताना हा प्रश्न पडत नाही.

वर्षभर कधीही मत द्यायचं असेल तर आयएफडीबी ही अशा खेळांची ऑनलाइन सूची आहे, 2007 मध्ये टॅड्सचे कर्ते मायकेल जे. रॉबर्ट्स यांनी सुरू केलेली. पाच तारे, शिवाय लिहून परीक्षण. कोणता खेळ खेळावा हे शोधायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि परीक्षणं वाचण्यासारखी असतात. पण तिथे ज्याला आवडलं तोच बहुधा लिहायला येतो. वाईट खेळ अर्धवट सोडणारा माणूस गुपचूप निघून जातो. स्पर्धेत तो माणूसही गुण देऊन जातो, कारण त्याला पाच पुरे करायचे असतात.

नवीन परीक्षकाला माझं एवढंच सांगणं: पहिल्या वर्षी दहाच्या वर खेळ घेऊ नका. पिसलेला क्रम घ्या आणि त्याच क्रमाने जा. नाव, चित्र, लांबी बघून उड्या मारू नका, नाहीतर त्या सगळ्या व्यवस्थेचा उपयोग जातो. इंग्रजीची भीती वाटत असेल तर टाइप करायच्या पार्सर खेळांऐवजी पर्याय निवडायच्या खेळांनी सुरुवात करा. आणि गुणांशेजारी लेखकासाठी निनावी अभिप्रायाची चौकट असते, ती रिकामी सोडू नका. तिथे लिहिलेल्या दोन ओळी लेखकाला 6.85 या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दोन तासांच्या नियमाबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. पन्नास-साठ तासांचा खेळ घेऊन कोणी आलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो, म्हणून मर्यादा हवी, हे पटतं. पण काही खेळ हळू उकलतात. 2021 मध्ये एक खेळ माझ्या वाट्याला आला. एका बंद पडलेल्या जागेत हिंडायचं, खोल्या उघडायच्या, चिठ्ठ्या वाचायच्या. मी मोबाइलवर दोन तासांचा गजर लावला होता. गजर वाजला तेव्हा मी एका दारापाशी उभी होते आणि हातात नुकतीच किल्ली आली होती. नियम म्हणजे नियम, म्हणून तिथेच सात गुण नोंदवले आणि मगच किल्ली लावली. दाराच्या पलीकडे खेळाने आपला पूर्ण चेहरा दाखवला. आधी वाचलेल्या सगळ्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या ते कळलं, आणि त्यातली एक मीच, म्हणजे मी खेळत होते त्या बाईने, लिहिलेली होती. आणखी दीड तास खेळून रात्री एक वाजता तो संपवला. गुणांच्या चौकटीवर कर्सर नेला. मुदतीला दोन आठवडे होते, सातचे नऊ करायला कोणी अडवणार नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं, की तुमचे पहिले दोन तास सातचे आहेत आणि पुढचा दीड तास नऊचा, ते दार थोडं आधी उघडा. गुण सातच ठेवले.